शेवटचा अर्धा पीळ

बेळगावच्या खडेबाजारातल्या हत्यारांच्या दुकानात मी इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू पिळणारे बॅटरीचे यंत्र, घ्यायला गेले होते. तिथे मी फणसाच्या लाकडाचा एक वीतभर तुकडा काउंटरवर ठेवला, तेव्हा दुकानदाराने आधी त्या तुकड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मग माझ्यामागे कोणी पुरुषमाणूस उभा आहे का तेही पाहून घेतले. मागे माझा भाचा उभा होता, त्यामुळे प्रश्न त्यालाच विचारला गेला, “किती टॉर्कचं पायजे?” म्हणजे पिळण्याचा जोर किती हवा. भाच्याने एका दमात “जास्तीत जास्त” असे सांगून टाकले. मी म्हणाले, “माझ्या हातात मावेल असं पायजे.” दुकानदार हसला. मात्र होळीपासून मृगापर्यंत जी शोधाशोध मी केली, ती या दोन उत्तरांच्या मधल्या जागेतच झाली.

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये गेली तीस वर्षे हिशेब लिहिते. हत्यारांशी माझा संबंध बिलांपुरता, असे कोणालाही वाटेल. परंतु मी सुताराची मुलगी आहे, आणि आमचे मूळ घर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, जिथे पावसाळा चार महिने मुक्कामाला येतो, तिथे आहे. त्या घराची दारे फणसाच्या फळ्यांची आहेत. आषाढात ती फुगतात, चौकटीत अडकतात, मुले त्यांना खांदा लावून ढकलतात, आणि त्या धक्क्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू हळूहळू सैल होतात. आप्पा होते तोवर दर दिवाळीला ते सगळे स्क्रू स्वतः आवळत. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आले, आणि मी ते बारा-तेरा वर्षे केलेही. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की यापुढे पिळण्याचे काम बंद: टॉवेल नाही, बरणीचे झाकण नाही आणि पेचकस तर नाहीच.

आप्पांच्या पेटीत रंधा, पटाशी, करवत, गुण्या, गिरमिट असे सगळे असे, पण लहानपणी मला त्यातला सामता, म्हणजे दोरीने फिरवून भोक पाडायचे हत्यार, सर्वांत प्रिय होता, कारण तो चालवायला माझी गरज पडे. सामत्याच्या दांड्याला दोरीचे वेढे दिलेले असत. आप्पा वरून दाब देत आणि मी समोर बसून दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढत असे. लाकडात टोक शिरू लागले की दोरी जड होई. त्या जडपणावरून गाठ आली की रेषा उभी आहे हे आप्पा ओळखत, आणि काही दिवसांनी मलाही ओळखता येऊ लागले. स्क्रूच्या बाबतीत त्यांचे तीन शब्द ठरलेले होते. स्क्रू आधी ‘बसतो’, मग ‘आवळतो’ आणि त्यापुढे गेला तर ‘मरतो’. बसण्यापासून आवळण्यापर्यंत जेमतेम अर्ध्या पिळाचे अंतर असते आणि आवळण्यापासून मरण्यापर्यंत त्याहूनही कमी. त्या शेवटच्या अर्ध्या पिळाला आप्पा मूठ सोडून पेचकस फक्त बोटांनी धरत आणि तेवढा वेळ बोलणे थांबवत.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हे यंत्र मला या अर्ध्या पिळासाठी हवे होते, आणि गंमत अशी, की नेमका तो अर्धा पीळच या यंत्राला कळत नाही. हे मला दुकानात समजले नाही. आमच्या शॉपमधल्या मेस्त्रींनी ते मला एका दुपारी उघडून दाखवले. शॉपमध्ये एक जुना, मोटर जळालेला इम्पॅक्ट ड्रायव्हर भंगारात पडला होता. चहाच्या सुट्टीत मेस्त्रींनी त्याचे स्क्रू काढले, पुढचे ॲल्युमिनियमचे बोंडुक ओढून बाजूला केले आणि आतले ग्रीसने माखलेले भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. “अक्का, हा घण, ही ऐरण,” असे म्हणून त्यांनी दोन पोलादी तुकडे माझ्यापुढे सरकवले. घण म्हणजे मुठीत मावेल असे जाड कडे. त्याच्या पुढच्या तोंडावर समोरासमोर दोन कान. ऐरण म्हणजे ज्यात बिट, म्हणजे स्क्रूच्या खाचेत बसणारे पेचकसाचे सुटे टोक, बसते तो दांडा. त्याच्या मागच्या बाजूला दोन पंख. घणाच्या मागे एक जाड स्प्रिंग, आणि घणाच्या पोटात व्हीच्या आकाराच्या खाचांमध्ये फिरणाऱ्या दोन पोलादी गोळ्या.

मेस्त्रींनी ते सगळे पुन्हा जुळवून हाताने फिरवून दाखवले. स्क्रू सहज जात असतो तोवर घणाचे कान ऐरणीच्या पंखांना टेकलेले राहतात आणि दोघे एकत्रच फिरतात. त्या वेळी हे यंत्र साध्या ड्रिलसारखेच चालते. स्क्रू जड झाला की ऐरण अडते, पण मोटर थांबत नाही. मग त्या दोन गोळ्या खाचेतून सरकतात आणि घणाला मागे ओढतात, स्प्रिंग दाबली जाते, कान पंखांवरून सुटतात, आणि सुटलेला घण स्प्रिंगच्या जोराने पुढे येत अर्धा फेरा मोकळा फिरून पुढच्या पंखांवर आदळतो. एका फेऱ्यात असे दोन घाव बसतात, आणि पुरा ट्रिगर दाबला तर बहुतेक यंत्रांत मिनिटाला तीन हजारांहून जास्त, म्हणजे सेकंदाला पन्नासेक. आपण ऐकतो तो ‘टर्रर्र’ आवाज या घावांचा असतो. हे घाव फिरण्याच्या दिशेने पडतात, पुढे भिंतीत ठोकल्यासारखे पडत नाहीत. पुष्कळ लोकांची इथेच गफलत होते, आणि ते इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडायला जातात. त्या कामाला हॅमर ड्रिल लागते. प्लास्टिकची गिट्टी बसवायची असेल तेव्हा आजही मी शेजाऱ्यांचे मागून आणते.

आता अंगठ्याचा प्रश्न. साधे ड्रिल स्क्रू आवळते तेव्हा जेवढा पीळ ते स्क्रूला देते, तेवढाच उलटा पीळ ते धरणाऱ्या हाताला देते. स्क्रू एकदम अडला की मूठ फिरते आणि मनगट मुरगळते. इम्पॅक्टमध्ये घाव घण आणि ऐरण यांच्यातच होतो, आणि त्या क्षणी घण मोटरच्या तालात नसतो, त्यामुळे उलटा पीळ हातापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. हाताला राहते ती थरथर. माझ्यासारखीला हे वरदानच होते, आणि मला ते घ्यायचेही होते. पण जुळवलेला घण हाताने फिरवताना मला दोरीची आठवण आली. हाताला जो उलटा पीळ जाणवतो, त्यातूनच स्क्रू बसला की आवळला ते कळत असते. तो पीळ यंत्राने काढून घेतला म्हणजे दुखणे गेले, आणि त्याबरोबर खबरही गेली. मग आवळण्याची ती जागा कशी ओळखायची? एक उपाय कानांचा: ‘टर्रर्र’ कधी सुरू झाले ते ऐकायचे. दुसरा बोटाचा: ट्रिगर इतका हळू दाबता आला पाहिजे, की यंत्र एकेक घाव मोजून टाकील. हे दोन उपाय मनात पक्के झाल्यावर खोक्यांवरच्या मोठ्या आकड्यांचे मला वाटणारे दडपण बरेच कमी झाले.

तरीही आकडे वाचावे लागतातच, कारण दुकानदार आणि भाचा या दोघांचीही भाषा आकड्यांचीच होती. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये लिहितात. शंभर न्यूटन मीटर म्हणजे स्क्रूच्या डोक्याला एक मीटर लांबीचा दांडा आडवा जोडला आणि त्याच्या टोकाला साधारण दहा किलोचे वजन टांगले, तर जेवढा पीळ पडेल तेवढा. १२ व्होल्टचे लहान इम्पॅक्ट ड्रायव्हर शंभर ते सव्वाशेच्या आसपास सांगतात, १८ व्होल्टचे दीडशे ते दोनशे. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. बिजागरीचा चार मिलिमीटर जाडीचा लाकडी स्क्रू मुळात तुटायलाच दहा न्यूटन मीटर लागत नाहीत. त्याच्या बऱ्याच आधी तो मान टाकतो. म्हणजे माझ्या कामाच्या दृष्टीने सगळ्यांत लहान यंत्रसुद्धा दहा पटींनी दांडगे होते, आणि ‘जास्तीत जास्त’ मागणे म्हणजे दिवा विझवायला बंब मागवणे होते. शिवाय खोक्यावरचा आकडा लोखंडी बोल्टवर काही क्षण सतत घाव घालून मिळणारा कमाल आकडा असतो. फणसाच्या लाकडात त्याची गाठ पडणार नाही. जाड कोच स्क्रू तुळयांत घालणाऱ्यांना, किंवा शेडच्या सांगाड्यांचे बोल्ट आवळणाऱ्यांना त्या मोठ्या आकड्याचा उपयोग आहे. मी त्यांतली नव्हे.

व्होल्टचा घोळ याहून मोठा. भाचा गल्लीच्या गणपतीच्या मंडपाचे काम करतो. मागच्या वर्षी त्याने एक स्वस्त ड्रायव्हर मागवला होता, ज्याच्या बॅटरीवर ठळक अक्षरांत ‘४८ व्हीएफ’ असे छापलेले होते, आणि ४८ म्हणजे १८ पेक्षा अडीच पटींहून जास्त, अशी त्याची पक्की समजूत होती. अनंत चतुर्दशीच्या आधीच ती बॅटरी गेली. मेस्त्रींनी तीही उघडली. आत पाच सेल निघाले. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा आणि पूर्ण भरला की ४.२ व्होल्टचा, ओळीने पाच जोडले तर १८ होतात आणि काठोकाठ भरले तर २१. ४८ होण्याची काही वाटच नाही. भाच्याला ते पाच सेल मोजून दाखवले, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. हाच हिशेब लावला की चांगल्या कंपन्यांच्या आकड्यांतलाही फरक उलगडतो. तीन सेलांची बॅटरी काही खोक्यांवर १०.८ आणि काहींवर १२ म्हणून लिहितात, पाच सेलांची कुठे १८, तर कुठे २०. वस्तू तीच असते, भरल्या पोटी मोजली की उपाशी पोटी, एवढाच फरक. बॅटरीत मुळात किती वीज मावते हे पाहायचे तर व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास यांचा गुणाकार करावा. १०.८ ला २ ने गुणले की २१.६ वॅट-तास, १८ ला २ ने गुणले की ३६. हिशेबनीस असण्याचा एवढा फायदा मला या खरेदीत झाला.

‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द तर हल्ली प्रत्येक खोक्यावर असतो आणि त्याला काही माप नाही. भाच्याचा आग्रह १८ व्होल्टचा होता, आणि खरे सांगायचे तर त्याच्या बोलण्यात तथ्य होते. नव्या १८ व्होल्टच्या यंत्रांची डोकी इतकी आखूड झाली आहेत, की १२ व्होल्टचे डोके त्यांच्यापेक्षा लहान असतेच असे नाही. डोक्याची लांबी का महत्त्वाची, हे कपाटाच्या आत वाकून बिजागरी लावणाऱ्याला सांगावे लागत नाही. यंत्र, त्यापुढे बिट आणि त्यापुढे स्क्रू एवढे सगळे त्या खणात सरळ उभे राहिले पाहिजे. तिरके धरले की स्क्रूच्या डोक्याची खाच खाल्लीच म्हणून समजा. मी दुकानात दर्जीण वापरते ती टेप घेऊन गेले होते आणि प्रत्येक यंत्राच्या डोक्याचे माप घेत होते. पण मला सगळ्यांत उपयोगी पडली ती दुसरी मोजणी, मुठीचा घेर. १२ व्होल्टच्या यंत्रांत तिन्ही सेल मुठीतच कोंबलेले असतात. असा प्रत्येक सेल बोटभर जाडीचा आणि साडेसहा सेंटिमीटर लांबीचा असेल, तर ते तीन एकत्र आल्यावर मूठ जाड होणारच. एका यंत्राच्या मुठीला माझी बोटे पुरी वेढा घालेनात. अंगठा आणि मधले बोट यांच्यात दोन बोटांचे अंतर राहिले, आणि ते यंत्र मी पुन्हा उचललेच नाही. १८ व्होल्टच्या यंत्रात बॅटरी खाली तळाशी सरकते, म्हणून मूठ बारीक राहते, परंतु वजन खाली लोंबते आणि बॅटरीसह ते सव्वा ते दीड किलोच्या घरात जाते. डोक्यावर हात करून काम करताना तो पावशेर-अर्धा किलो कसा लागतो ते आधी दुकानात दोन मिनिटे हात वर धरून पाहावे. मी पाहिले. दुकानदाराने घड्याळाकडे पाहिले.

मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश असलेली मोटर घ्यावी की त्यांवाचून चालणारी ब्रशलेस, या वादात मी मेस्त्रींच्या विरुद्ध गेले. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन झिजत नाही, ठिणग्या उडत नाहीत, बॅटरी जास्त वेळ पुरते, आणि मोटर आखूड झाल्यामुळे यंत्राचे डोकेही आखूड होते. मेस्त्रींचे म्हणणे असे, की ब्रशवाली मोटर बेळगावात कुठेही दुरुस्त होते. नवे ब्रश दहा मिनिटांत बसतात आणि आर्मेचर रिवाइंड करणाऱ्यांची तर आपल्याकडे रांग आहे. ब्रशलेसची इलेक्ट्रॉनिक पाटी गेली की मात्र कंपनीच्या दाराशी बसावे लागते. रोज आठ तास वापरणाऱ्यासाठी हे बोलणे खरे असेल. पण आमचा वर्षाचा वापर दिवाळीचे दोन दिवस, गणपतीआधीची शेड आणि अध्येमध्ये एखादे कपाट. एवढ्याने काहीच झिजणार नाही, आणि मला लांबी हवी होती कमी. मेस्त्री अजूनही म्हणतात, “अक्का, पाटी जाईल तेव्हा बघू.”

मग क्लच असलेले साधे ड्रिल ड्रायव्हर का नाही, असे मला दोघांतिघांनी विचारले, आणि तो प्रश्न योग्यच होता. त्या यंत्राच्या मानेवर आकड्यांचे कडे असते. आकडा लावला की ठरावीक पिळाला क्लच ‘कटकट’ करीत सुटतो आणि स्क्रू मरायचा वाचतो. अंगठा धड असता तर मी तेच घेतले असते, आणि कपाटे जोडणाऱ्या नवशिक्याला मी आजही आधी तेच घे म्हणेन. मला अडचण त्या उलट्या झटक्याची होती. पुष्कळ इम्पॅक्ट ड्रायव्हरना क्लच नसतो, म्हणून काही कंपन्या इलेक्ट्रॉनिक सोय देतात: वेगाच्या दोन-तीन पायऱ्या, किंवा घाव सुरू होताच थोड्या वेळात आपोआप थांबणे. भाच्याला ही बटणे आवडली. मी ट्रिगरवरच अडून बसले.

दुकानात फणसाचा तुकडा नेला होता तो त्यासाठीच. घरून येतानाच त्यात बारीक भोके पाडून ठेवली होती. तीन यंत्रे मी त्यावर चालवून पाहिली. पहिल्याचा ट्रिगर थोडा दाबला तरी यंत्र उसळे. दुसऱ्याचा सुरुवातीला काहीच करीत नसे आणि मग एकदम पळे. तिसऱ्याचा मात्र असा होता की बिट जात्यासारखे सावकाश फिरवता येत होते, आणि स्क्रू जड झाल्यावर ‘टक्… टक्…’ असे सुटे घाव मोजता येत होते. मी डोळे मिटून चार स्क्रू बसवले. चौथ्याला पहिला ‘टक्’ ऐकू येताच बोट सोडले आणि हात फिरवून पाहिला, तर स्क्रूचे डोके लाकडाच्या पातळीला जेमतेम टेकलेले होते. तिसरे यंत्र १२ व्होल्टचे, तीन वेगांचे, ब्रशलेस, आणि मूठ माझ्या वेढ्यात येणारी होती. भाच्याने खोक्यावरचा टॉर्क वाचून तोंड वाकडे केले, पण पिशवी त्यानेच उचलली.

बिटांबद्दल मात्र दुकानदाराने मला शिकवले, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. या यंत्राला ड्रिलसारखा तीन जबड्यांचा चक नसतो. पाव इंची षटकोनी दांड्याचे बिट लागते आणि पुढची कडी ओढून ते एका हाताने बसवता येते. साधी बिटे या घावांनी तुटतात, म्हणून इम्पॅक्टसाठी बनवलेली, मध्ये बारीक आणि जरा लवचिक मान असलेली बिटे घ्यावीत. आपण ज्याला सरसकट ‘स्टार’ म्हणतो त्यातही भेद आहेत. फिलिप्स खाच १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाली. तिच्या बाजू तिरक्या असल्यामुळे जोर वाढला की बिट वर उसळून बाहेर येते. हाताने पिळताना हे फारसे जाणवत नाही, पण इम्पॅक्टच्या घावांखाली दोन उसळ्यांत खाचेची वाटी होते. पोझिड्रिव्ह खाच दिसायला तशीच, पण तिच्या चार रेघांच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या असतात आणि तिला तिचेच बिट लागते. आमच्या घरातल्या डब्यात दोन्ही जातींचे स्क्रू एकत्र नांदत होते, आणि इतकी वर्षे मी खाच खाल्ल्याचा दोष स्क्रूला देत आले होते.

एवढे सगळे शिकूनही पहिल्याच शनिवारी गावी जाऊन मी व्हायचे तेच केले. माजघराच्या दाराला आप्पांनी पितळी बिजागऱ्या बसवल्या होत्या, स्क्रूही पितळीच. वरची बिजागरी सैल होती. तिची जुनी भोके रुंदावली होती, म्हणून आप्पांच्या पद्धतीने मी बांबूच्या बारीक काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्यांत ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, सकाळी पृष्ठभागाला सपाट कापल्या आणि मधोमध नवे बारीक भोक पाडले. हे सगळे नीट झाले. पितळ मऊ असते, म्हणून त्या भोकात आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यावेत आणि मग पितळी स्क्रूला मेण लावून तो बसवावा, हेही आप्पांनी मला लहानपणीच शिकवलेले. साबण लावू नये, साबण ओल धरतो आणि लोखंड गंजते, हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पाच स्क्रू असेच बसवले. सहाव्याला लोखंडी स्क्रू शोधायचा कंटाळा केला. यंत्र हातात होते, आणि हाताला काही जाणवतच नव्हते. एक ‘टक्’ ऐकला, दुसरा ऐकला, आणि तिसऱ्याला बिट मोकळे गरकन फिरले. डोके माझ्या पायाशी पडले होते, पिवळेधमक. बाकीचा स्क्रू लाकडात. त्या तुटलेल्या तोंडावर ताज्या पितळेची चमक होती आणि मी ती बराच वेळ पाहत बसले. भाच्याने विचारले, “आत्या, टॉर्क कमी पडला?”

शेडवर पत्रे घालण्याच्या वेळी हे यंत्र मी कारागिरांच्या हाती दिले. गोठ्यावरची कौले उतरवून पत्रे घालायचे ठरले होते, आणि कामाला बैलहोंगलकडचे दोघे आले होते. त्यांतल्या थोरल्याला मराठी समजे, धाकट्याला नाही. पत्र्यांचे स्क्रू स्वतःच भोक पाडून आत जाणारे असतात, डोके आठ मिलिमीटरचे षटकोनी आणि त्याखाली काळे रबर चिकटवलेला वायसर. स्क्रू बनवणारे अशा कामाला सहसा स्क्रू ठरल्यापेक्षा खोल जाऊ न देणारी स्क्रूगन वापरा असे सांगतात, इम्पॅक्ट नको म्हणतात, कारण घावांच्या भरात रबर चेपून बाहेर येते आणि पहिल्याच पावसात तिथून धार लागते. पण आपल्याकडे हातात असेल त्यानेच काम होते. धाकटा पत्र्यावर बसून ट्रिगर दाबत होता आणि थोरला खाली शिडीला टेकून नुसता ऐकत होता. आधी टोक लोखंडात भोक पाडताना जो किरकिर आवाज येई, तो संपून आटे धरल्याचा जाड आवाज आला, की त्याच्या मागोमाग पहिल्या घावाला थोरला खालूनच म्हणे, “साकु!” म्हणजे कानडीत पुरे. वरचा थांबे. दर स्क्रूला एक ‘साकु’. दुपारपर्यंत धाकट्याचे बोट त्या शब्दाच्या आधीच सुटू लागले, तरी थोरला म्हणायचा तो म्हणतच राहिला. रबर वायसरच्या कडेला जेमतेम दिसेल एवढेच फुगलेले, सगळ्या ओळीत सारखे.

बॅटरीच्या एका चार्जमध्ये किती स्क्रू गेले हे मी मोजायचे ठरवले होते आणि विसरले. दुसरी बॅटरी घ्यावी लागली, हे मात्र खरे. पावसात गावची वीज दिवसदिवस जाते, आणि रिकामी बॅटरी हातात धरून बसण्यापेक्षा एक भरून ठेवलेली बरी. महिनोन्‌महिने काम नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवते आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात मुळीच ठेवत नाही. कानात बोळे घालायचे राहू नये म्हणून ते यंत्राच्या मुठीलाच दोऱ्याने बांधले आहेत. बंद खोलीत त्याचा आवाज खरोखर कानठळ्या बसवणारा आहे.

माजघराच्या बिजागरीसाठी तुटलेला स्क्रू कोरून काढायचा म्हटला तर चौकटीचे लाकूड सोलावे लागले असते. आप्पांनी ती चौकट एकाच फळीतून काढलेली आहे. म्हणून मी बिजागरीच अर्धा इंच खाली सरकवली, नवी भोके पाडली, लोखंडी स्क्रूने आटे पाडून घेतले, मेण लावले, यंत्राने सहाही स्क्रू पहिल्या घावापर्यंत नेले आणि तिथे थांबले. उरलेला अर्धा पीळ भाच्याने आप्पांच्या पेचकसाने बोटांनी दिला. मला तेवढेही जमत नाही आता. दार नीट लागते. जुन्या जागी बिजागरीची खोबण रिकामी राहिली आहे, आणि दार उघडले की तिच्यात ते पितळी तोंड दिसते. ती चमक आता काळवंडू लागली आहे.